सव्विसावा माणूस कोण? व्हाइट सॉक्सच्या कसोटीवर दोन बेसबॉल साइट्स

शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गमावले. १९०० नंतर एका मोसमात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. आधीचा आकडा १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२०. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ सामने हरले, मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना काढलं गेलं आणि उरलेले दिवस ग्रेडी साइझमोर यांनी हंगामी म्हणून रेटले. अशा संघातले तारे कोण, हे ठरवायला डोकं लागत नाही. पिचर गॅरेट क्रोशे हा एक होता आणि डिसेंबरात तो बॉस्टनला गेला. डोकं लागतं ते यादीच्या तळाच्या दहा-बारा नावांसाठी (मुख्य संघात २६ जण, आणि संघाच्या ताब्यातल्या मोठ्या यादीत ४०). त्यांतला कोण ठेवायचा, कोणाला ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, पाठवायचं, कोणाला सोडून द्यायचं?

त्या कामासाठी लागणाऱ्या साधनांचं हे परीक्षण आहे. मुख्य दोन: फॅनग्राफ्सच्या साइटवरचं रोस्टररिसोर्स आणि एमएलबीची, म्हणजे मेजर लीग बेसबॉलची, स्वतःची बेसबॉल सॅव्हंट. जोडीला बेसबॉल-रेफरन्स आणि एमएलबी ट्रेड रूमर्स. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो: पहिल्या दोन साइट्सवर काम भागतं आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र बहुतेक जण सॅव्हंटचे लाल-निळे पट्टे आधी बघतात आणि रोस्टररिसोर्समधला ऑप्शनचा (खेळाडूला खाली पाठवण्याच्या मुभेचा) रकाना शेवटी, किंवा कधीच नाही. काठावरच्या खेळाडूसाठी हा क्रम उलटा आहे. तो किती चांगला आहे याच्या आधी, तो हातातून सुटला तर परत मिळेल का, हे कळलं पाहिजे.

आधी पायरी कुठे आहे ते पाहू. वॉर, म्हणजे खेळाडूने बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त मिळवून दिले, या आकड्यात ज्याच्याशी तुलना होते तो ‘बदली खेळाडू’ म्हणजे किमान पगारात, केव्हाही, ट्रिपल-एमधून किंवा वेव्हर्सवरून (संघांनी काढलेले खेळाडू इतरांना मागता येतात ती यादी) उचलता येईल असा माणूस. फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या दोघांनी मान्य केलेल्या पायरीनुसार नुसत्या अशा माणसांचा संघ ०.२९४ च्या दराने जिंकेल, म्हणजे १६२ सामन्यांत सुमारे ४८ विजय. व्हाइट सॉक्सचे झाले ४१. धावांचा हिशेब (५०७ केल्या, ८१३ दिल्या) धरला तर ४८ च्या आसपास जिंकायला हवे होते, म्हणजे सातेक सामने नशिबाने नेले असं म्हणता येईल. तरी सगळं नशीब वजा करूनही संघ अख्खाच्या अख्खा बदली खेळाडूंच्या पातळीवर येतो. त्यामुळे इथे ‘हा निदान बरा आहे, राहू दे’ हा युक्तिवाद चालत नाही. तेवढा बरा माणूस बाहेर फुकट मिळतो. जागा द्यायची ती ज्याच्यात पुढे वाढायला वाव आहे त्याला, किंवा जुलैत, ट्रेडची मुदत संपण्याआधी, ज्याच्या बदल्यात काही मिळेल त्याला.

रोस्टररिसोर्सवर प्रत्येक संघाचं एक पान असतं: अपेक्षित बॅटिंग क्रम, बेंच, रोटेशन (सामना सुरू करणारे पिचर), बुलपेन (नंतर येणारे पिचर), जखमींची यादी आणि खाली ४० जणांच्या यादीतले मायनर लीगमध्ये असलेले. प्रत्येक नावासमोर वय, उरलेले ऑप्शन, सेवाकाल (मेजर लीगमध्ये काढलेला काळ) आणि तो संघात कसा आला याची नोंद. साइटचं खरं मोल या चार रकान्यांत आहे. वरचा बॅटिंग क्रम हा संपादकांचा अंदाज असतो. त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

ऑप्शनचा रकाना वाचायला नियम माहीत हवेत. ४० च्या यादीतल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर ऑप्शन लागतो आणि असे ऑप्शन साधारण तीन मोसमांचे मिळतात. मोसमात एकूण २० किंवा जास्त दिवस खाली गेले की त्या वर्षाचा ऑप्शन संपला. १९ दिवस गेले तर तो शाबूत. मोसमात अनेकदा खाली-वर केलं तरी ऑप्शन एकच जातो, पण २०२२ च्या करारापासून एका मोसमात पाचच वेळा खाली पाठवता येतं. सहाव्यांदा वेव्हर्सची वाट. खाली गेलेला बॅटर १० दिवस आणि पिचर १५ दिवस परत आणता येत नाही. एखाद्या जखमी खेळाडूच्या जागी बोलावलं तरच सूट. म्हणून ‘काल वाईट टाकलं, आज पाठवा, परवा आणा’ हे घरबसल्या सुचवणं सोपं असलं तरी नियमात बसत नाही.

ऑप्शन संपलेला माणूस खाली पाठवायचा तर त्याला डीएफए (डेसिग्नेट फॉर असाइनमेंट) करावं लागतं. तो त्याच क्षणी ४० च्या यादीतून बाहेर जातो आणि सात दिवसांत ट्रेड, वेव्हर्स किंवा सुटका यांपैकी एक ठरवावं लागतं. वेव्हर्सवर दुसऱ्या संघाने क्लेम केला तर तो गेला, बदल्यात खेळाडू कोणी देत नाही. कोणीच क्लेम केला नाही तर त्याला आउटराइट करून, म्हणजे ४० च्या यादीबाहेर, ट्रिपल-एला ठेवता येतं. इथेही एक फट आहे. ज्याची सेवा तीन वर्षांची झाली किंवा जो आधी एकदा आउटराइट झालेला आहे, तो नकार देऊन फ्री एजंट होऊ शकतो. पाच वर्षं सेवा झालेला तर नकार देऊनही कराराचा उरलेला पगार घेऊन जातो. म्हणजे सारख्याच आकड्यांच्या दोन राखीव खेळाडूंपैकी ज्याचे ऑप्शन संपलेत त्याला वर ठेवायचं आणि ज्याचे शिल्लक आहेत त्याला खाली पाठवायचं, म्हणजे दोघेही हातात राहतात. चाहत्यांना हे अन्यायकारक वाटतं, कारण बऱ्याचदा खाली जाणारा त्या आठवड्यात जास्त चांगला खेळत असतो.

सेवाकालाच्या रकान्यात नवखा माणूस हमखास फसतो. २.१७१ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो दशांश नव्हे. दोन वर्षं आणि १७१ दिवस. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात, त्यामुळे २.१७१ ला आणखी एक दिवस मिळाला की ३.००० होतं. साधारण तीन वर्षं झाली (काहींच्या बाबतीत थोडं आधीच) की खेळाडू आर्बिट्रेशनला, म्हणजे पगाराच्या लवादाला, पात्र ठरतो. त्याआधी बहुतेकांना किमान पगारच मिळतो: २०२४ मध्ये ७,४०,००० डॉलर, २०२५ मध्ये ७,६०,०००. काठावरच्या माणसाला आर्बिट्रेशनचं पहिलं वर्ष लागलं की त्याची किंमत एकदम वाढते आणि नोव्हेंबरातली नॉन-टेंडरची (पुढच्या वर्षाचा करार न देता सोडलेल्यांची) यादी मुख्यतः अशाच लोकांची बनते.

रोस्टररिसोर्सचे दोष थोडे, पण जाणवणारे आहेत. फोनवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं. नाव डावीकडे राहतं आणि रकाना उजवीकडे निघून जातो. चौथा ऑप्शन मिळालेल्या खेळाडूंच्या बाबतीत (पाच पूर्ण मोसम न झालेल्या काहींना तो मिळतो) गोंधळ उडतो, म्हणून अशा एखाद्या नावावर अडलात तर एमएलबी ट्रेड रूमर्सवर मोसमाच्या तोंडावर येणारी ‘ऑप्शन संपलेल्यांची’ यादी पडताळून घ्यावी. त्या साइटवर आर्बिट्रेशनच्या पगाराचे अंदाजही येतात आणि ते बऱ्यापैकी जवळ असतात. तिचा उपयोग एवढाच, पण तो पक्का. जाहिरातींनी डोळे दुखतात हे मात्र दोन्हीकडे खरं. फॅनग्राफ्सवर वर्गणी भरली की जाहिराती जातात, आणि रोज तासभर तिथे घालवणाऱ्याने ती भरावी.

आता सॅव्हंट. साइट पूर्णपणे मोफत, आणि मागे स्टॅटकास्टची यंत्रणा: २०१५ पासून सगळ्या ३० मैदानांवर, २०२० पासून हॉक-आय कॅमेऱ्यांसह. चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि कोणत्या कोनात निघाला, पिचरच्या चेंडूने किती वळण घेतलं, क्षेत्ररक्षक किती पळाला, हे सगळं मोजलेलं. २०२४ च्या मे महिन्यापासून बॅटचा वेगही. खेळाडूचं पान उघडलं की आडवे पट्टे दिसतात. लाल म्हणजे इतरांच्या तुलनेत चांगलं, निळं म्हणजे वाईट. दिसायला सुरेख, आणि काठावरच्या खेळाडूसाठी हीच सगळ्यांत फसवी जागा. मोसमाच्या सुरुवातीचा नव्वद पाळ्यांचा (बॅटिंगच्या संधींचा) नमुना आणि सहाशे पाळ्यांचा नमुना इथे सारख्याच रंगात रंगवलेला दिसतो.

कशावर किती पाळ्यांनंतर भरवसा ठेवायचा, याचे ढोबळ आकडे बेसबॉलच्या अभ्यासकांमध्ये बरेच वर्षं रुळलेले आहेत. बॅटरचं स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण ६० पाळ्यांत बोलू लागतं, वॉकचं (चार बॉलवर फुकट बेस मिळण्याचं) १२० च्या आसपास, होम रनचं १७०. बॅबिप, म्हणजे मैदानात पडलेल्या चेंडूंवरचा यशाचा दर, याला तब्बल ८२० चेंडू लागतात. पिचरसाठी स्ट्राइकआउट ७० बॅटर, वॉक १७०, होम रन १,३२०. ‘बोलू लागतं’ याचा अर्थ इतकाच की त्या टप्प्यावर निम्मं कौशल्य आणि निम्मा योगायोग असतो. तिथे पोचलो म्हणजे सत्य सापडलं असं कोणी समजू नये. पण काठावरच्या माणसाला वर्षात मिळतातच शंभर-दीडशे पाळ्या. तेव्हा त्याची बॅटिंगची सरासरी वाचणं हा निव्वळ कालापव्यय आहे. स्ट्राइकआउट, वॉक, चेंडूचा वेग, बॅटचा वेग, इतकंच वाचायचं.

सॅव्हंटवरचा सगळ्यांत उपयोगी आकडा एक्स-वोबा. चेंडू ज्या वेगाने आणि कोनात मारला गेला त्यावरून काय मिळायला हवं होतं, त्यात स्ट्राइकआउट आणि वॉक धरून, असा तो हिशेब. शेजारी प्रत्यक्षातला वोबा (बॅटिंगच्या एकूण कामगिरीचा आकडा) असतो; दोघांतली तफावत मोठी असेल तर थांबून बघायचं. तीन गोष्टी मात्र या आकड्यात नाहीत. चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला गेला हे तो बघत नाही, त्यामुळे उंच चेंडू सतत जवळच्या कोपऱ्यात खेचणारा बॅटर प्रत्यक्षात एक्स-वोबापेक्षा जास्त कमावतो. इसाक पारेदेस हे याचं नेहमीचं उदाहरण. मैदान लहान की मोठं हेही त्यात नाही. आणि क्षेत्ररक्षण तर नाहीच, त्यासाठी त्याच साइटवरचं ‘आउट्स अबव्ह अॅव्हरेज’ वेगळं उघडावं लागतं.

एक खटकणारी गोष्ट. सॅव्हंटच्या बहुतेक याद्या उघडताना ‘पात्र’ खेळाडूंचीच चाळणी लावलेली असते आणि बॅटरसाठी ती संघाच्या दर सामन्यामागे २.१ पाळ्या अशी आहे. काठावरचे लोक या चाळणीतून गळून जातात. म्हणून यादी उघडल्यावर पहिलं काम: किमान पाळ्यांचा पर्याय ५० किंवा १०० वर आणायचा. हे न करता ‘यादीत नावच नाही’ म्हणून माणसाला निकालात काढणारे कमी नाहीत.

सगळ्या ट्रिपल-एचा डेटा सॅव्हंटवर २०२३ पासून सापडतो, मायनर लीगच्या वेगळ्या शोधपानावर. ही सोय काठावरच्या खेळाडूंसाठी सोन्यासारखी आहे, पण ती वाचताना दोन वजाबाक्या करायच्या. पहिली: २०२३ मध्ये आणि २०२४ च्या पूर्वार्धात ट्रिपल-एमध्ये काही दिवस बॉल-स्ट्राइकचा निर्णय पूर्ण यंत्राकडे होता आणि वॉकचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तिथे भरपूर वॉक घेणारा माणूस वर येऊन तेवढे घेईलच असं नाही. दुसरी वजाबाकी खास व्हाइट सॉक्सची. त्यांचा ट्रिपल-ए संघ शार्लट नाइट्स, आणि शार्लटचं ट्रुइस्ट फील्ड होम रनच्या बाबतीत फार उदार मैदान. तिथले २० होम रन पाहून हुरळून जायचं नाही. चेंडूचा बॅटवरून निघतानाचा वेग बघायचा, कारण मैदान लहान असलं म्हणून वेग वाढत नाही. उलट शार्लटमध्ये पिचरचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावा) फुगलेला दिसला तर त्याला लगेच बाद करू नये.

पिचरसाठी आम्ही सॅव्हंटपेक्षा फॅनग्राफ्सच्या स्टफ-प्लस आणि लोकेशन-प्लस या दोन आकड्यांना झुकतं माप देऊ. १०० म्हणजे सरासरी. स्टफ-प्लस चेंडूचा वेग, वळण आणि सुटण्याची जागा यावरून ठरतं, निकाल बघतच नाही, म्हणून थोड्या चेंडूंतही कामाचं असतं. लोकेशन-प्लसला जास्त चेंडू लागतात. स्टफ-प्लस ११० आणि लोकेशन-प्लस ९० असलेला २४ वर्षांचा पिचर हरणाऱ्या संघाने ठेवावा. ९० आणि १०५ असलेला ३१ वर्षांचा जिंकणाऱ्या संघाच्या कामाचा. अचूकता काही प्रमाणात शिकवता येते, चेंडूतला जीव शिकवणं फार अवघड.

आता ही साधनं व्हाइट सॉक्सवर लावून बघू, कारण २०२५ मध्ये त्या निवडींचा निकाल लागलेला आहे: ६० विजय, १०२ पराभव. अजून वाईटच, पण १९ विजय जास्त.

अँड्रू वॉन, २०१९ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) तिसरा खेळाडू. २०२५ च्या सुरुवातीला ४८ सामन्यांत सरासरी .१८९. मे महिन्यात त्याला शार्लटला पाठवलं, जूनमध्ये एरन सिव्हाले या पिचरच्या बदल्यात मिलवॉकीला. तिथे ६४ सामन्यांत .३०८ आणि ९ होम रन. सॅव्हंट उघडं ठेवून बसलेल्याला हे अगदीच अनपेक्षित नव्हतं: शिकागोत त्याचा एक्स-वोबा प्रत्यक्षातल्या वोबापेक्षा बराच वर होता, म्हणजे मारलेला चेंडू चांगला पण फळ नाही. मिलवॉकीतलं .३०८ मात्र कोणत्याच साइटने सांगितलं नसतं. एक्स-वोबा फक्त ‘इतका वाईट नाही’ एवढंच म्हणत होता. त्यातही वॉनचा ऑप्शन शिल्लक होता. त्याला शार्लटमध्ये ठेवायला ४० च्या यादीतली जागा आणि त्याचा पगार यापलीकडे काही लागत नव्हतं. ट्रेडची घाई होती असं आमचं मत.

गॅव्हिन शीट्सचं प्रकरण वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकी लोपेझसोबत तोही नॉन-टेंडर झाला. सॅन दिएगोने मायनर लीगच्या करारावर घेतला आणि २०२५ मध्ये त्याने १९ होम रन मारले. इथे साधनांना फारसा दोष देता येत नाही. डावखुरा बॅटर, क्षेत्ररक्षणात कमजोर, आर्बिट्रेशनला पोचलेला, आणि २०२४ मध्ये ५०० च्या आसपास पाळ्या मिळूनही फारसं काही न दाखवलेला. वॉरच्या रकान्यात तो बदली खेळाडूच्या खाली होता. पण ‘बदली खेळाडूच्या खाली’ ही मोजणी क्षेत्ररक्षणाच्या वजनासकट असते. असा माणूस फक्त डीएच (क्षेत्ररक्षण न करता केवळ बॅटिंग करणारा) म्हणून आणि फक्त उजव्या हाताच्या पिचरसमोर वापरला तर तो वेगळाच खेळाडू होतो. बेंचवरच्या माणसाचा वॉर वाचताना तो कसा वापरला गेला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच वेळी शंभर-सव्वाशे पाळ्यांच्या डाव्या-उजव्याच्या फरकावर अंधविश्वासही नको. त्या आकड्याला स्थिरावायला फार पाळ्या लागतात.

मिगेल वर्गास हा ठेवल्याचा फायदा झालेला माणूस. २९ जुलै २०२४ च्या तीन संघांच्या व्यवहारात एरिक फेडी, मायकेल कोपेक आणि टॉमी फॅम गेले. वर्गास आणि आणखी दोन तरुण आले. फॅम एप्रिलमध्ये मायनर लीगच्या करारावर आला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हरणाऱ्या संघाने वयस्क खेळाडू ठेवायचा तो एवढ्याचसाठी: एप्रिलमध्ये स्वस्तात, जुलैत व्यवहारात. आल्यावर वर्गासची सरासरी .१०४. प्रेक्षकांनी डोक्याला हात लावला असणार. पण त्याच काळात ऑन-बेस .२१७ होता, सरासरीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे नजर शाबूत होती, वॉक मिळत होते, मारलेले चेंडू हातात जात होते. बॅबिपला ८२० चेंडू लागतात आणि याला शंभरच्या आसपास मिळाले होते. २०२५ मध्ये त्याने १६ होम रन मारले. महान खेळाडू झाला असं नाही. किमान पगारात रोज खेळवता येईल असा माणूस मिळाला, आणि काठावरच्या निवडीत यश म्हणतात ते हेच.

सगळ्यांत शिकण्यासारखी निवड शेन स्मिथची. डिसेंबर २०२४ च्या रूल-५ ड्राफ्टमध्ये (इतर संघांनी ४० च्या यादीत न घेतलेले खेळाडू उचलण्याच्या संधीत) पहिली निवड व्हाइट सॉक्सची होती आणि त्यांनी मिलवॉकीचा हा पिचर उचलला. नियम असा: १,००,००० डॉलर भरायचे, आणि खेळाडूला पूर्ण मोसम वरच्या संघात ठेवायचं. खाली पाठवता येत नाही. ठेवायचा नसेल तर आधी वेव्हर्सवर टाकायचा आणि कोणी घेतला नाही तर मूळ संघाला ५०,००० डॉलरमध्ये परत देऊ करायचा. जखमी यादीत लपवायचं तर निदान ९० दिवस प्रत्यक्ष संघात हवा, नाही तर अट पुढच्या वर्षी लागू राहते. प्लेऑफच्या शर्यतीतल्या संघाला अशा कच्च्या माणसासाठी २६ पैकी एक जागा अडवणं महागात पडतं. १२१ हरलेल्या संघाला ती जागा जवळपास फुकट. स्मिथने २०२५ मध्ये ३.८१ चा ईआरए राखला आणि ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला.

मार्च २०२५ मध्ये आणखी एक: माइक वासिल. मेट्सच्या यंत्रणेतला, रूल-५ मध्ये फिलाडेल्फियाने घेतलेला, तिथून टँपा बेला गेलेला, आणि मग वेव्हर्सवर. मोसमाच्या पहिल्या ३० दिवसांपर्यंत वेव्हर्सचा क्रम आदल्या वर्षाच्या गुणतक्त्यावरून लागतो, म्हणजे तेव्हा पहिला हक्क व्हाइट सॉक्सचा. त्यांनी क्लेम केला, रूल-५ ची अट सोबत आली, वासिल वर्षभर संघात राहिला आणि १०१ इनिंग्जमध्ये ईआरए २.५०. इथे दोन साइट्स वेगळं बोलतात. फॅनग्राफ्सचा वॉर फिपवर उभा असतो, म्हणजे स्ट्राइकआउट, वॉक, होम रन. वासिलचे वॉक जास्त, त्यामुळे तिथे तो साधारण दिसतो. बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावा मोजून पाठीमागच्या क्षेत्ररक्षणाचा हिशेब लावतं, तिथे तो उठून दिसतो. पुढच्या वर्षाचा अंदाज करायचा असेल तर फॅनग्राफ्सचं ऐकावं. बेसबॉल-रेफरन्सचा बाकी उपयोग खेळाडूचे जुने व्यवहार एका ओळीत वाचण्यापुरता. ते पान तिथे सर्वांत स्वच्छ आहे.

हरण्यातून ड्राफ्टमध्ये मोबदला मिळेल ही आशा व्हाइट सॉक्सला नव्हती, हे सांगायला हवं. आदल्या वर्षी लॉटरीतली (पहिल्या काही क्रमांकांच्या सोडतीतली) निवड मिळालेली असल्यामुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ते लॉटरीला अपात्र ठरले आणि दहाव्या क्रमांकावर गेले. त्यामुळे वेव्हर्स आणि रूल-५ मधला पहिला क्रम हाच त्यांच्या हाती उरलेला मुख्य लाभ.

राखीव कॅचरसाठी या साइट्सवर वेगळं बघावं लागतं. सॅव्हंटवर पॉप-टाइम मिळतो, म्हणजे चेंडू ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ, २.० सेकंद सरासरी, १.९ उत्तम. फ्रेमिंगचा (काठावरचा चेंडू पंचांना स्ट्राइक वाटेल असा पकडण्याचा) रकाना मोठा दिसतो, पण २०२६ पासून मेजर लीगमध्ये पंचांच्या बॉल-स्ट्राइक निर्णयाला आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन आव्हानं आणि बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. केवळ फ्रेमिंगवर टिकलेल्या कॅचरची जागा आता थोडी डळमळीत धरावी. बेंचवरच्या धावपटूसाठी स्प्रिंट-स्पीड: सेकंदाला २७ फूट सरासरी, ३० विजेसारखा. २६ च्या खाली असेल तर ‘बेसवर पळायला ठेवू’ हे कारण बाद.

गुण द्यायचे तर रोस्टररिसोर्सला ५ पैकी साडेचार. फोनवरच्या तक्त्यामुळे अर्धा गेला. सॅव्हंटला चार: डेटा अतुलनीय, पण लहान नमुना झाकणारे रंग आणि आपोआप लागणारी चाळणी हे दोन दोष आहेत. बेसबॉल-रेफरन्स या विशिष्ट कामासाठी तीन.

वर्षातून कधी उघडायचं? वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांत ६० दिवसांच्या जखमी यादीतले सगळे ४० मध्ये परत मोजावे लागतात, तेव्हा पहिली गर्दी होते. नोव्हेंबरच्या मध्यावर रूल-५ पासून कोणाला वाचवायचं याची मुदत (१८ किंवा कमी वयात करार झालेल्याला पाच मोसमांनंतर, त्याहून मोठ्याला चार), तिच्या मागोमाग नॉन-टेंडर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऑप्शन संपलेले धडाधड वेव्हर्सवर येतात. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याने तेव्हा स्वतःच्या संघाची कमी आणि भरलेल्या संघांची पानं जास्त बघावीत, डॉजर्स, रेज, ब्रुअर्स यांची. सप्टेंबरमध्ये २६ चे २८ होतात आणि पिचरची मर्यादा १३ वरून १४ वर जाते, तेव्हा वर आलेल्यांच्या पाळ्या एक्स-वोबासकट नोंदून ठेवाव्यात. भारतातून बघणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात शिकागोचा संध्याकाळी ६:४० चा सामना इथे पहाटे ५:१० ला सुरू होतो, आणि सॅव्हंटच्या गेमफीडवर प्रत्येक चेंडूचा वेग सामना चालू असतानाच दिसत जातो.